मॅकडॉवेल काउंटीच्या गरिबीचा हिशेब मालकीपासून मांडा

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला मॅकडॉवेल नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, आहे. १९५० च्या जनगणनेत तिथे ९८,८८७ माणसं होती. २०२० मध्ये १९,१११ उरली. सत्तर वर्षांत पाचातली चार माणसं गेली. या काळात तिथे युद्ध झालं नाही, मोठं धरण बांधलं गेलं नाही, आणि ज्या कोळशासाठी ही वस्ती उभी राहिली तो कोळसाही संपला नाही. पोलाद बनवायला लागणारा उत्तम प्रतीचा कोळसा आजही तिथून निघतो आणि रेल्वेने बंदराकडे जातो.

काउंटीचं क्षेत्रफळ साधारण १,३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. सगळा भाग डोंगराळ. सपाट जमीन जी काही आहे ती ओढ्यांच्या काठाने चिंचोळ्या पट्ट्यांत, आणि त्याच पट्ट्यांत रेल्वे, रस्ता, घरं, शाळा सगळं दाटीवाटीने बसलेलं. वेल्च हे काउंटीचं मुख्य गाव. कधीकाळी इथे शनिवारी पाय ठेवायला जागा नसे. मोटारी लावायला जागा पुरेना, म्हणून १९४१ मध्ये नगरपालिकेने स्वतःच्या मालकीची वाहनतळाची इमारत बांधली. पालिकेच्या मालकीची अशी इमारत अमेरिकेत ही पहिलीच.

आजचं सरकारी चित्र असं आहे. सगळी कुटुंबं उत्पन्नाप्रमाणे ओळीने उभी केली तर मधल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३० हजार डॉलरच्या आगेमागे भरतं. देशात हाच आकडा ७५ हजारांच्या वर आहे. तिघांतला एक जण दारिद्र्यरेषेखाली. मधल्या घराची किंमत ४० हजार डॉलरच्या आसपास, तर देशात ती तीन लाखांच्या घरात. वस्ती म्हातारी होत चाललेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काउंटीवार आयुर्मानाच्या अभ्यासात इथल्या पुरुषांचं सरासरी आयुष्य जेमतेम ६४ वर्षं निघालं, देशात सर्वांत कमी. त्याच अभ्यासात शेजारच्याच व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीतल्या पुरुषांचं आयुष्य जवळपास ८२ वर्षं होतं. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर मोटारीने एका दिवसात सहज कापता येतं.

हे आकडे वाचून अमेरिकेत दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक म्हणते, इथे आता काही उरलेलं नाही, तर हे लोक उठून दुसरीकडे का जात नाहीत? दुसरी म्हणते, साठ वर्षं सरकारी मदत खाऊन यांची कष्टाची सवय मोडली. पहिली प्रतिक्रिया अर्थतज्ज्ञांची, दुसरी राजकारण्यांची, आणि मधूनमधून दोघं एकमेकांची वाक्यं उसनी घेतात. मला दोन्ही चुकीच्या वाटतात, आणि त्या चुकीचं मूळ एकच आहे. काउंटीचा हा जो तक्ता बनतो, त्यात माणसं मोजली जातात, त्यांची मिळकत मोजली जाते, घरातल्या खोल्या आणि नळसुद्धा मोजले जातात. जमीन कोणाची आणि जमिनीखालचं धन कोणाचं, हे त्यात कुठेच येत नाही. मॅकडॉवेलच्या गरिबीचं कारण मात्र तिथेच आहे.

तक्त्यातली सर्वांत चकवणारी ओळ घरांची आहे. दहातली सात-आठ वसलेली घरं राहणाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची आहेत. अमेरिकेची सरासरी पासष्ट टक्क्यांच्या आसपास, म्हणजे देशातली एक अत्यंत गरीब काउंटी घराच्या मालकीत देशाच्या पुढे! वरवर पाहणाऱ्याला वाटेल, चला, निदान डोक्यावर हक्काचं छप्पर तरी आहे. पण ही मालकी आली कुठून ते पाहायला हवं.

१८८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्फोक अँड वेस्टर्न रेल्वे या डोंगरांत शिरली. त्याआधीच बाहेरच्या भांडवलदारांच्या दलालांनी इथली जमीन, आणि जिथे जमीन मिळाली नाही तिथे जमिनीखालच्या खनिजाचे हक्क, मातीमोल भावाने घेऊन ठेवले होते. अमेरिकेच्या कायद्यात वरची जमीन एकाची आणि खालचं खनिज दुसऱ्याचं, अशी फाळणी करता येते. शेतकऱ्याच्या हाती वरचं रान राहिलं आणि खालचा कोळसा फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कच्या कागदपत्रांत गेला. पोकाहाँटस लँड ही जमीन राखून ठेवणारी मोठी कंपनी तर रेल्वेचीच उपकंपनी होती. मग खाणींसाठी माणसं आणली. दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय मजूर आले, इटली, हंगेरी, पोलंडमधून स्थलांतरित आले. त्यांच्यासाठी कंपनीने घरं बांधली, दुकान बांधलं, पाण्याची टाकी बांधली, चर्चसुद्धा बांधलं. घरभाडं पगारातून कापलं जाई. पगाराच्या पोटी अनेकदा कंपनीचीच नाणी हातावर ठेवली जात, आणि ती चालत फक्त कंपनीच्याच दुकानात.

दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्यांना ही घरं सांभाळणं नकोसं झालं. रस्ते झाले होते, कामगार मोटारीने येऊ शकत होते, आणि यंत्रांमुळे कामगारही कमी लागणार होते. तेव्हा त्यांनी घरं राहणाऱ्यांनाच विकून टाकली. किंमत परवडण्यासारखी होती आणि लोकांनी ती आनंदाने घेतली, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पण विकलं काय, तर चाळीस-पन्नास वर्षांचं लाकडी घर आणि त्याखालचा जमिनीचा तुकडा. खालचं खनिज कंपनीकडे. मागचा डोंगर कंपनीकडे. आणि घराबरोबर न मागता आलेली गोष्ट म्हणजे कंपनीने कधीकाळी टाकलेली पाण्याची पाइपलाइन. ती आता गावाची, म्हणजे कोणाचीच नाही.

तेव्हा तक्त्यात दिसणारी ती उंच टक्केवारी समृद्धीतून आलेली नाही. कंपन्यांनी स्वतःच्या अंगावरचा देखभालीचा खर्च कामगारांच्या अंगावर टाकला, त्याची ती नोंद आहे. आज ती घरं तिसऱ्या पिढीत आहेत. अनेक घरांचं मृत्युपत्र झालेलं नाही. आजोबांच्या नावावरचं घर, वारस ओहायोत, नॉर्थ कॅरोलिनात, मिशिगनमध्ये पांगलेले, आणि राहणारी नात कागदोपत्री मालकच नाही. तिला दुरुस्तीसाठी बँकेचं कर्ज मिळत नाही. पूर आल्यावर सरकारी मदत मागायला गेली तर मालकी सिद्ध करता करता नाकीनऊ येतात. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव राहिलं की काय हाल होतात, हे आपल्याकडच्या कोणालाही समजावून सांगायला नको.

मग नवीन घरं का बांधत नाहीत? इथे बाजाराचं साधं गणित आडवं येतं. नवं साधं घर बांधायला दीड-दोन लाख डॉलर सहज लागतात. बांधून झाल्यावर बँकेचा मूल्यांकन करणारा आजूबाजूच्या विक्रीचे भाव बघतो आणि त्याच्या निम्मीसुद्धा किंमत लावत नाही. तारण पुरेसं नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून बांधकाम नाही, बांधकाम नाही म्हणून भाव वाढत नाहीत. परिणामी या काउंटीत शेकडो घरं रिकामी पडून आहेत आणि तरीही राहण्याजोगं घर भाड्याने शोधायला गेलं तर मिळत नाही. शिक्षक इथल्या शाळेत नोकरी धरतात आणि घाट ओलांडून दुसऱ्या काउंटीतून, कधी दुसऱ्या राज्यातून रोज ये-जा करतात. हिवाळ्यात ते रस्ते कसे असतात याची कल्पना केली तर दोन-तीन वर्षांत ते नोकरी का सोडतात हे विचारावं लागत नाही. ही शाळाव्यवस्था इतकी खालावली होती की २००१ ते २०१३ राज्याने ती स्वतःच्या ताब्यात घेतली होती. पुढे शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढाकार घेऊन वेल्चमध्ये शिक्षकांसाठी सदनिकांची एक छोटी इमारत उभी केली. एवढ्याशा गावात ती बांधायला देणग्या, सरकारी पैसा आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागला. बाजार आपण होऊन हे करणार नव्हता.

लोकसंख्येच्या आकड्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेची जनगणना कैद्यांना ते जिथे कैदेत आहेत तिथले रहिवासी धरते. मॅकडॉवेलमध्ये एक केंद्रीय तुरुंग आहे, त्यात हजाराहून अधिक पुरुष असतात. वेल्चमध्ये राज्याचा आणखी एक तुरुंग आहे, आणि तो एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत आहे. पूर्वी स्टीव्हन्स क्लिनिक हॉस्पिटल होतं, तिथे आता स्टीव्हन्स सुधारगृह. जिथे खाणकामगारांवर उपचार व्हायचे तिथे आता माणसं डांबली जातात. म्हणजे १९,१११ या आकड्यातूनही एक मोठा गट वजा करावा लागतो, जो इथे आपल्या मर्जीने राहत नाही, इथे मत देत नाही, इथल्या दुकानात भाजी घेत नाही. स्त्री-पुरुष प्रमाण, वांशिक प्रमाण, वयाची विभागणी, सगळ्यांत हे कैदी मिसळलेले आहेत. लोक कमी झाले तेव्हा रोजगार म्हणून सरकारने या भागाला जे दिलं त्यात तुरुंग ठळक आहे, हे मला फार क्लेशदायक वाटतं.

शिवाय इतक्या छोट्या काउंटीचे उत्पन्नाचे आणि घरांचे आकडे पाच-पाच वर्षांचे नमुने एकत्र करून काढतात, कारण एका वर्षाचा नमुना पुरत नाही. चुकीची शक्यता मोठी. तरी याच आकड्यांवर निधीची वाटणी होते.

आता रोजगाराकडे येऊ. १९५० मध्ये खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष जॉन एल. लुईस यांनी मालकांशी राष्ट्रीय करार केला. संघटनेने यंत्रीकरणाला वाट मोकळी केली आणि बदल्यात पगारवाढ, आरोग्य आणि निवृत्तीच्या निधीसाठी टनामागे रक्कम मिळवली. ज्यांची नोकरी टिकली त्यांचं भलं झालं. पण सलग कोळसा कापणारं यंत्र आलं आणि एका यंत्राने कित्येकांचं काम घेतलं. हजारो कुटुंबांनी डेट्रॉइट, क्लीव्हलँड, अ‍ॅक्रनची वाट धरली. उरलेल्यांचा मोठा आधार म्हणजे गॅरी, पोलाद क्षेत्रातल्या यू. एस. स्टीलने उभं केलेलं गाव, कंपनीच्या अध्यक्षाचंच नाव दिलेलं. तिथला कोळसा धुण्याचा कारखाना एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी होता. १९८० च्या दशकात पोलाद उद्योग बसला आणि १९८६ मध्ये कंपनीने गॅरीच्या खाणी बंद केल्या. १९८० मध्ये काउंटीत पन्नास हजारांच्या आसपास माणसं होती, १९९० मध्ये पस्तीस हजार. दहा वर्षांत तीनातलं एक घर रिकामं झालं असं समजा. त्यानंतर २००१ आणि २००२ असे लागोपाठ दोन भयंकर पूर आले. किंबल गावात वॉलमार्ट साखळीचं मोठं दुकान झालं होतं, तेही २०१६ च्या जानेवारीत बंद पडलं आणि ताज्या भाज्या-फळांसाठी लोकांना दूर जावं लागू लागलं.

मदतीबद्दल जे बोललं जातं ते मला सगळ्यात जास्त लागतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. १९६० च्या निवडणुकीत जॉन केनेडी वेस्ट व्हर्जिनियात फिरले आणि तिथली उपासमार त्यांनी डोळ्यांनी पाहिली. अध्यक्ष झाल्यावर त्यांचा पहिला आदेशच गरिबांना द्यायच्या धान्याचं प्रमाण वाढवण्याचा होता. त्यानंतर २९ मे १९६१ रोजी वेल्चमध्ये अमेरिकेतल्या नव्या अन्नकूपन योजनेची पहिली कूपनं वाटली गेली. कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन स्वतः आले होते. पेन्सव्हिल गावचे आल्डरसन मन्सी आणि त्यांच्या पत्नी क्लोई यांच्या हातात ९५ डॉलरची कूपनं ठेवली गेली. घरात खाणारी तोंडं पंधरा. त्यांनी पहिली खरेदी केली ती डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याच्या डब्याची. मन्सी खाणीतले बेरोजगार कामगार होते.

या प्रसंगाचा अर्थ काय लावायचा? मदतीवर टीका करणारे म्हणतात, बघा, तिथूनच सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही. खरं आहे, संपलेलं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी या काउंटीच्या लोकांच्या एकूण उत्पन्नातला जवळपास निम्मा भाग निवृत्तिवेतन, अपंगत्व भत्ता, अन्नमदत अशा केंद्राच्या पैशातून येत होता. पण या निम्म्यात कोण आहे ते बघा. चाळीस वर्षं कोळशाची धूळ छातीत भरून घेतलेला माणूस आहे. पाठ मोडलेला माणूस आहे, ज्याला दुखणं थांबवायच्या गोळ्या देता देता औषध कंपन्यांनी आणि त्यांच्या वितरकांनी अख्खा प्रदेश व्यसनात लोटला. आयुष्यभर कर भरून पासष्टी गाठलेली बाई आहे. मुलगा-सून व्यसनात गेल्यामुळे नातवंडांना वाढवणारी आजी आहे. यांना मिळणारा पैसा परोपकार म्हणून लिहायचा आणि डोंगराखालून गेलेला कोळसा कुठेच लिहायचा नाही, असा एकतर्फी जमाखर्च मांडला तर ही काउंटी कायम कर्जबाजारीच दिसणार.

अन्नमदतीने तिचं काम चोख केलं. भूक हटवली. पण भूक हटवणं आणि गावाला स्वतःची मत्ता मिळवून देणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम कोणी हाती घेतलंच नाही. १९६५ मध्ये अ‍ॅपलाचिया या डोंगराळ प्रदेशासाठी, ज्यात मॅकडॉवेलही येते, केंद्र आणि राज्यांचा संयुक्त आयोग नेमला गेला, रस्ते झाले, दवाखाने झाले, आणि प्रदेशातली गरिबी १९६० च्या एकतीस टक्क्यांवरून निम्म्यावर आली. हे यश मोठं आहे. मॅकडॉवेलसारख्या खाणीच्या काउंट्या मात्र त्यात मागे राहिल्या. आजही काउंटीतून एकही आंतरराज्य महामार्ग जात नाही.

मागे का राहिल्या, याचं उत्तर २०१३ च्या एका पाहणीत सापडतं. वेस्ट व्हर्जिनियातली खासगी जमीन कोणाची आहे याचा तो हिशेब होता. राज्यात अशा सहा काउंट्या निघाल्या जिथे निम्मी किंवा त्याहून जास्त खासगी जमीन अवघ्या दहा मालकांकडे आहे. सहापैकी पाच दक्षिणेच्या कोळसापट्ट्यातल्या, मॅकडॉवेल त्यातली एक. आणि हे मालक बहुतेक बाहेरचे. अशा काउंटीत शाळा काढायची, पूररेषेच्या वर वसाहत करायची, छोटा कारखाना घालायचा, तर जमीन मागायची कोणाकडे? डोंगरमाथ्यावर खाणीने सपाट करून ठेवलेली जागा आहे, पण ती कंपनीची. खालच्या पट्ट्यात लोकांची जागा आहे, पण तिथे पूर येतो.

मालकीचं हे चलन कसं फिरतं त्याचं एक उदाहरण पुरेसं आहे. ब्लूस्टोन या कोळसा कंपनीच्या खाणी याच भागात आहेत. २००९ मध्ये ती मेचेल या रशियन कंपनीने घेतली, रोख भागच चाळीस कोटी डॉलरच्या वर होता. कोळशाचे भाव कोसळल्यावर २०१५ मध्ये जुन्या मालकाने, जिम जस्टिस यांनी, ती पन्नास लाख डॉलर रोख आणि पुढच्या उत्पादनावरच्या हिश्शाच्या बोलीवर परत घेतली. हे जस्टिस पुढे राज्याचे गव्हर्नर झाले आणि आता सेनेटर आहेत. या सगळ्या व्यवहारांत वेल्च किंवा गॅरीच्या नगरपालिकेला बसायला खुर्ची नव्हती. कोळशावर राज्याचा पाच टक्के उत्खनन कर आहे, पण स्थानिक संस्थांच्या नावाने राखलेला त्यातला भाग पूर्वापार इतका बारीक राहिला की पन्नास वर्षांच्या पाइपा बदलायलाही तो पुरला नाही.

पाण्याचं उदाहरण बघितल्याशिवाय हे नीट कळत नाही. कीस्टोन आणि नॉर्थफोर्कसारख्या गावांत पाणी उकळून प्या अशी सूचना काही आठवडे नव्हे, वर्षानुवर्षं चालू राहिली. मुलं ती सूचना ऐकतच मोठी झाली. लोक रस्त्याच्या कडेला डोंगरातून येणाऱ्या झऱ्याला पाइप लावलेला असतो तिथे गाडी थांबवतात, डिकीतून प्लास्टिकचे कॅन काढतात, एकेक भरून परत ठेवतात. काही घरांचं सांडपाणी सरळ ओढ्यात जातं. अमेरिकेत, एकविसाव्या शतकात. आणि ही ती काउंटी आहे जिच्या कोळशाने देशाच्या पुलांचं, रणगाड्यांचं आणि गगनचुंबी इमारतींचं पोलाद वितळलं.

आता पहिल्या प्रतिक्रियेकडे. हे लोक जात का नाहीत? मी उलट विचारतो, अजून किती जायला हवेत? ऐंशी हजार गेले. स्थलांतराने प्रश्न सुटत असता तर अमेरिकेतली ही सर्वांत सुटलेली काउंटी असती. गेलेले बहुतेक तरुण होते, शिकलेले होते. ते जिथे गेले तिथे त्यांनी कर भरले, घरं घेतली, आणि मागे राहिलेल्या गावाच्या पाण्याचा खर्च कमी डोक्यांवर वाटला गेला. उरलेल्यांपैकी ज्याच्याकडे स्वतःचं घर आहे त्याने ते चाळीस हजारांना विकलं, तरी नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात त्या पैशात दोन-अडीच वर्षांचं भाडं भागेल. नंतर काय? इथे निदान छप्पर आहे, शेजारी आहेत, नातवंडांना सांभाळायला आत्या आहे. राहणं हा इथल्या माणसाचा समजून-उमजून केलेला व्यवहार आहे.

खर्चाचा एक वेगळा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. डोंगराळ भागात दूरदूर विखुरलेल्या वीस हजार माणसांसाठी पाइपलाइन टाकणं, सांडपाण्याची सोय करणं, रस्ता करणं माणशी फार महाग पडतं. तोच पैसा शहरात जास्त लोकांच्या कामी येईल. निव्वळ आजच्या खर्चाचं गणित केलं तर हे बरोबर आहे. पण मग मागच्या सव्वाशे वर्षांचं गणितही करायला हवं, ज्यात कोळसा काढणं मात्र या डोंगरांत कधीच महाग ठरलं नाही. कोळशासाठी बोगदे खणले, पूल बांधले, डोंगर फोडून रूळ टाकले. तीच वाट पाण्याच्या पाइपला अवघड आहे, हे मला पटत नाही.

आणि दुसरीकडे वेगळं घडलेलं आहे. वायोमिंग राज्याने १९७० च्या दशकातच खनिजावरच्या कराचा एक भाग कायमच्या निधीत टाकायची घटनादुरुस्ती केली. अलास्काने १९७६ मध्ये तेलाच्या पैशाचा तसाच निधी केला. नॉर्थ डकोटाच्या मतदारांनी २०१० मध्ये. तिथल्या खाणी आणि विहिरी बंद पडल्या तरी निधी राहणार. वेस्ट व्हर्जिनियाने अशा निधीचा कायदा २०१४ मध्ये केला, म्हणजे कोळशाची सुवर्णवर्षं उलटून गेल्यावर, आणि त्यात पैसे पडण्याच्या अटी अशा घातल्या की निधी नावालाच राहिला. जे १९२० किंवा १९५० मध्ये व्हायला हवं होतं ते आता होणार नाही, पण पोलादाचा कोळसा अजून निघतो आहे. टनामागे ठरावीक रक्कम त्याच काउंटीच्या पाणी आणि घरांच्या निधीत थेट जावी, राज्याच्या तिजोरीतून फिरून नव्हे, एवढं आजही करता येईल.

आपला यात संबंध आहे. भारत हा अलीकडच्या वर्षांत अमेरिकी कोळशाच्या सर्वांत मोठ्या परदेशी गिऱ्हाइकांपैकी आहे. आपल्याकडे चांगला कोकिंग, म्हणजे पोलादासाठी लागणारा, कोळसा कमी, त्यामुळे रायगडमधल्या डोलवीसारख्या किनाऱ्यावरच्या पोलाद कारखान्यांना तो बाहेरून आणावाच लागतो. मुंबईच्या एका पोलाद कंपनीने २०१० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात कोळशाचे हक्कही विकत घेतले होते. आणि चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या वाचकाला वरचं बरंच काही ओळखीचं वाटेल. आपल्याकडे कोळशाच्या खाणी १९७३ मध्ये राष्ट्रीयीकृत झाल्या, मालकीची रचना वेगळी आहे, आणि २०१५ पासून खाणग्रस्त भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी कायद्यानेच राखलेला आहे. मॅकडॉवेलला असं काही मिळालं नाही. आपल्याला मिळालं आहे, तर तो पैसा घुग्घुसच्या धुळीत राहणाऱ्यांच्या पाण्यावर आणि घरांवर खर्च होतो की जिल्ह्याच्या गावातल्या सुशोभीकरणावर, हे ग्रामसभांनी दरवर्षी विचारायला हवं. खाण चालू आहे तोवरच या प्रश्नाला वजन असतं.

मॅकडॉवेलमध्ये सध्या जी गोष्ट सगळ्यात तातडीची आहे ती घरांची. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा पूर आला, माणसं गेली, घरं गेली. पूरग्रस्त घरं विकत घेऊन पाडण्याची केंद्राची योजना आहे, आणि तिच्यात अट अशी की घेतलेली जागा कायमची मोकळी ठेवायची. पुन्हा तिथे घर बांधायचं नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने अट योग्य आहे. पण खालच्या पट्ट्यातलं घर गेलं आणि वर जमीन कंपनीची असेल, तर विकणारं कुटुंब काउंटीबाहेरच जाणार, आणि पुढच्या जनगणनेत आणखी एक घट नोंदली जाणार. शेजारच्या पूर्व केंटकीत २०२२ च्या महापुरानंतर राज्य सरकारने वेगळा रस्ता धरला. जुन्या खाणींनी सपाट केलेल्या उंच जागा मिळवल्या, रस्ते-पाणी-वीज सरकारने आणली आणि पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभारल्या. नॉट काउंटीतली ऑलिव्ह ब्रँच, हॅझर्डजवळची स्कायव्ह्यू ही त्यातली नावं. बांधकामाचा खर्च आणि बँकेचं मूल्यांकन यातली तफावत सार्वजनिक पैशाने आणि देणग्यांनी भरून काढली. डोंगर तसेच, कोळसा तसाच, लोक तसेच. फक्त जमीन हाती आली.

वेस्ट व्हर्जिनियाने हेच करावं. ज्या दहा मालकांकडे निम्मी खासगी जमीन आहे त्यांच्याकडून पूररेषेवरच्या, खाणकाम संपलेल्या जागा राज्याने विकत घ्याव्यात, आणि ते देत नसतील तर भरपाई देऊन संपादन कराव्यात. किंग कोल महामार्गासाठी याच डोंगरांत जमीन मिळवली गेली आहे, ती घरांसाठीही मिळवता येईल. खालचं एकेक घर पाडण्याआधी वरच्या घराची किल्ली त्या कुटुंबाच्या हातात असावी, त्याचं खरेदीखत त्यांच्या नावाने झालेलं असावं, आणि त्या खतात जमिनीखालचा हक्कही त्यांचाच लिहिलेला असावा.